वर्डमधले ठिपके, उलटे पी आणि झाकलेला मजकूर

अबोली (सोमवार, रात्री ९.४२)

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या नाट्यमंडळाला यंदा पंचाहत्तर वर्षं होतात. स्मरणिका काढायची ठरली आणि "हिला कॉम्प्युटर येतो" एवढ्या एका गुन्ह्यावरून संपादन माझ्या गळ्यात पडलं. चौदा जणांचे चौदा लेख, शुभेच्छा, जुने फोटो, शेवटी देणगीदारांची यादी, असं सगळं मी वर्डच्या एकाच फाइलीत जोडलंय. चतुर्थीच्या आधी छापून हातात हवी.

काल इथे डिचोलीत असला पाऊस की लाईट तीनदा गेली. अंधारात की-बोर्डवर काय दाबलं गेलं देव जाणे, लाईट आल्यावर बघते तर पानभर ठिपके! दोन शब्दांच्या मध्ये ठिपका, परिच्छेद संपला की उलटा पी, मध्येच बाण. मजकुराला गोवर आल्यासारखा दिसतोय.

हे सगळं छापून येणार का? आणि कायमचं बंद कसं करायचं?

अवांतर: अनुक्रमणिकेत एका लेखाचं पान ६१ दाखवतं, छापून बघितलं तर तो ५८ वर आहे. ते नंतर बघू, आधी गोवर.

रातांबा (रात्री ९.५१)

कंट्रोल + शिफ्ट + ८. संपला धागा.

माउसनेच करायचं असेल तर होम टॅबवर परिच्छेदाच्या गटात ¶ असं बटण आहे, ते एकदा दाबा. छापून येणार नाहीत, काळजी नको. त्या खुणा फक्त पडद्यावर असतात.

अबोली (रात्री १०.०५)

धन्यवाद रातांबा! उलटे पी गेले, बाण गेले. पण शब्दांमधले ठिपके गेलेच नाहीत. आता नुसते ठिपके उरलेत, हे तर जास्तच भुतासारखं दिसतं.

केपेंकर (रात्री १०.१८)

तुमच्याआधी त्या मशीनवर कोणीतरी हौस केलेली आहे. फाइल, मग ऑप्शन्स, मग डिस्प्ले असं जा. तिथे "या खुणा नेहमी दाखवा" अशा अर्थाची एक यादी दिसेल: टॅब, स्पेस, परिच्छेदखूण, हिडन टेक्स्ट (झाकलेला मजकूर) वगैरे. तिथे ज्याच्यापुढे बरोबरची खूण असेल ते, बटण चालू असो की बंद, दिसतच राहतं. तुमच्याकडे स्पेससमोर खूण असणार. काढून टाका.

टंकलेखिका (रात्री १०.४०)

अगो अबोली, बंद करू नकोस! चौदा जणांचे लेख एकत्र करणाऱ्या माणसाने हे ठिपके बंद ठेवणं म्हणजे डोळ्यांवर पट्टी बांधून तांदूळ निवडणं.

मी पणजीला सरकारी कचेरीत टायपिस्ट होते, आता निवृत्त. मराठी कामाला मशीन आणि इंग्रजीला वर्डस्टार, म्हणजे तेव्हाचा वर्डसारखा प्रोग्राम. वर्डस्टारमध्ये ठळक अक्षर ठळक दिसत नसे. शब्दाच्या अलीकडे-पलीकडे टोपी (^) आणि बी दिसायचा, की समजायचं, हे छापताना ठळक येणार. नवीन पान हवं तर ओळीच्या अगदी सुरुवातीला टिंब देऊन पीए लिहायचं. पुढची सगळी आज्ञा उघड्यावर. कंट्रोल ओ डी दाबून त्या खुणा झाकता यायच्या, पण आमचे हेडक्लार्क म्हणायचे, झाकून वाचायचं ते साहेबांनी, आपण उघडं ठेवून वाचायचं.

आता तुझ्या फाइलीकडे बघ. एखाद्या लेखात शीर्षक मधोमध आणायला कोणीतरी चाळीस वेळा स्पेस दाबलेली असेल, तिथे चाळीस ठिपक्यांची मुंग्यांची रांग दिसेल. नवीन पानावर जायला कोणी वीस वेळा एंटर मारलं असेल, तिथे वीस उलटे पी एकाखाली एक. वरच्या लेखात दोन ओळी वाढल्या की ते शीर्षक पानाच्या मध्यावर येऊन बसणार. ठिपके बंद असतील तर तुला कळणारसुद्धा नाही का ते.

काणकोणकर (रात्री ११.०२)

टंकलेखिकाताई, आदर राखून असहमत. मी कथा लिहितो. लिहिताना समोर ठिपके असले की एक ओळ सुचत नाही. इंग्रजीत ते चालून जात असेल, देवनागरीत तो ठिपका नुक्ता आहे, अनुस्वार घसरलाय की पडद्यावर माशी बसलीय हेच कळत नाही. गेल्या महिन्यात एक "अनुस्वार" मी चार वेळा डिलीट केला. दोन शब्द चिकटले, तेव्हा कळलं की तो स्पेस होता.

लिहिताना बंद, मुद्रितशोधनाला चालू. मी लिब्रेऑफिस वापरतो, तिथे कंट्रोल + एफ१० ने हेच होतं.

रातांबा (रात्री ११.०६)

>> पडद्यावर माशी बसलीय

काणकोणात पडद्यावर माशा? पाऊस कमी आहे वाटतं तिकडे.

टंकलेखिका (रात्री ११.१५)

काणकोणकर, लेखकाने बंद ठेवावेत हे मान्य. पण अबोली इथे लेखक नाही, ती निस्तरणारी आहे.

जुळारी (मंगळवार, सकाळी ६.३०)

आम्ही म्हापशाला छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवायचो. माझ्या वडिलांचा ट्रेडल (पायाने चालवायचं छपाईयंत्र) होता, मी चौदाव्या वर्षी केसपुढे, म्हणजे खिळ्यांच्या पेटीपुढे, उभा राहिलो.

तुम्ही ज्याला "रिकामी जागा" म्हणता ती आमच्याकडे शिशाची असायची. दोन शब्दांमध्ये स्पेसचा तुकडा, ओळ भरायला क्वाड, दोन ओळींमध्ये लेडची पट्टी. अक्षरापेक्षा बुटके तुकडे, त्यामुळे त्यांना शाई लागत नसे आणि कागदावर कोरं उमटायचं. पण हातात त्यांचं वजन होतं. पानावर जितकं कोरं जास्त, तितकं शिसं जास्त. कवितेचं पान उचलताना म्हणून मनगट भरून यायचं, सगळी मोकळी जागाच.

एखादी स्पेस सैल बसली तर छपाईत वर यायची आणि दोन शब्दांमध्ये काळा ठोकळा उमटायचा. वाचकाला तो डाग वाटे, आम्हाला माहीत असे की झाकलेलं उघडं पडलंय. अबोलीबाय, तुमचा गोवर हाच. तो बघून मला तर घरी आल्यासारखं वाटतं.

गोव्यात छापखाना १५५६ साली आला, हिंदुस्थानातला पहिला. त्या पहिल्या जुळाऱ्यांनीही कोरी जागा हातानेच भरली असणार.

एक विचारायचं राहिलं. स्मरणिका किती पानी? आणि बांधणी कशी, मधोमध टाचून की पाठीला गोंद?

अबोली (सकाळी ९.२०)

काका, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मधोमध टाचून. पानं सध्या ९५ दाखवतंय.

टंकलेखिकाताई, तुमचं ऐकून ठिपके परत चालू केले आणि हादरले. एका लेखात प्रत्येक परिच्छेदानंतर चार-चार उलटे पी. एकाने तर शुभेच्छापत्राखाली सही उजवीकडे न्यायला स्पेसच्या अडीच ओळी भरल्यात. हे हाताने काढत बसायचं?

केपेंकर (सकाळी ९.४१)

हाताने कशाला? कंट्रोल + एच दाबा, शोधून बदलायची चौकट उघडते. वरच्या रकान्यात ^ (६ च्या डोक्यावरची टोपी) आणि इंग्रजी लहान पी, हे जोडीने दोनदा. खालच्या रकान्यात तीच जोडी एकदा. रिप्लेस ऑल. "शून्य बदल" येईपर्यंत दाबत राहायचं, दर वेळी रांग अर्ध्यावर येते. फाइलीच्या अगदी शेवटी एखाददुसरा बदल उरतो आणि आकडा शून्यावर येतच नाही, तेव्हा थांबा. दोन स्पेसची एक करायलाही हीच युक्ती, तिथे टोपी लागत नाही.

पण आधी फाइलीची प्रत काढा. आणि मध्ये जिथे पान आडवं केलंय (फोटोंसाठी केलं असेलच), तिथे सेक्शन ब्रेकची दुहेरी ठिपक्यांची रेघ दिसेल, तिला हात लावू नका. रेघेच्या वरच्या भागाचे समास, हेडर, कागद उभा की आडवा, हा सगळा संसार त्या रेघेत असतो. ती पुसली की वरचा भाग खालच्या भागाचे नियम घेतो. मी एकदा ही रेघ "कचरा" म्हणून काढली आणि ग्रामसभेचं पूर्ण इतिवृत्त आडवं झालं. सरपंच म्हणाले, मान वाकडी करून वाचू का?

साखळीचा_मास्तर (दुपारी १.१०)

वर कोणीतरी हिडन टेक्स्ट म्हटलं आणि माझी जखम उघडी झाली. सांगतो.

मी प्रश्नपत्रिका काढताना प्रश्नाखालीच उत्तर लिहितो आणि ते निवडून कंट्रोल + शिफ्ट + एच करतो. ठिपके बंद असले की उत्तरं गायब, चालू केले की ठिपक्यांच्या अधोरेखेसकट हजर. एकच फाइल, दोन कामं. ऑप्शन्समध्ये डिस्प्लेखालीच "हिडन टेक्स्ट छापा" असाही एक पर्याय आहे. तो चालू करून परीक्षकाची प्रत काढायची, बंद करून मुलांची. स्वतःवर खूश होतो मी.

सहामाहीला शाळेचा प्रिंटर बिघडला. पेनड्राइव्ह घेऊन बाजारातल्या झेरॉक्सवाल्याकडे गेलो, साठ प्रती सांगितल्या आणि समोर चहा प्यायला बसलो. त्याच्या मशीनवर तो पर्याय कोणी कधी चालू करून ठेवला होता कोणास ठाऊक. मी गठ्ठा न बघता घेतला. तिसऱ्या मिनिटाला पहिल्या बाकावरची मुलगी उठून म्हणाली, "सर, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर चुकीचं छापलंय."

आणि खरंच चुकलं होतं हो.

रातांबा (दुपारी १.१४)

=)) =)) त्या मुलीला पैकीच्या पैकी द्या.

मोडीवाचक (दुपारी २.३५)

मजकूर झाकणं आपल्याला नवीन नाही. पोथीत चूक झाली की लिहिणारा त्यावर पिवळा हरताळ फासायचा आणि वाळल्यावर वर बरोबर अक्षर लिहायचा. "हरताळ फासणे" तिथूनच आलं. उजेडाकडे धरली तर काही पोथ्यांत खालचं अक्षर अजून दिसतं. मास्तरांचं जे झालं ते पोथीवाल्यांचंही होतं.

आणि मोडीत तर शब्दांमध्ये जागाच नसायची. आधी आडवी रेघ मारून घ्यायची आणि तिच्याखाली अखंड लिहीत जायचं. तिथे ठिपके चालू केले असते तर ओळभर एकही दिसला नसता. काणकोणकरांनी मोडीत लिहावं.

काणकोणकर (दुपारी २.५०)

लिहीन, पण वाचणार तुम्ही एकटेच.

म्हापशाची_वकीण (दुपारी ३.४७)

मास्तर, तुमची गंमत झाली, आमच्याकडे नुकसान होतं. म्हणून थोडं गंभीर.

हिडन टेक्स्ट म्हणजे कुलूप नाही. दाराला पडदा लावलाय एवढंच. फाइल ज्याच्या हातात गेली तो एक बटण दाबून सगळं वाचू शकतो. विक्रीखताचा एक मसुदा आमच्याकडे समोरच्या बाजूकडून आला होता. मला सवयीने ठिपके चालू ठेवायला आवडतात. रकमेच्या कलमाखाली ठिपक्यांच्या अधोरेखेत एक ओळ होती: पक्षकार याहून कमीवरही तयार आहे, आधी बोलू नये. कोणी कोणाला लिहिलं, का झाकलं, माहीत नाही. मी सीनियरना दाखवलं. ते म्हणाले, त्यांना फोन कर आणि सांग की तुमचा पडदा उडालाय. (सगळे असं करत नाहीत, हेही सांगते.)

बाहेर पाठवायच्या फाइलीची आधी प्रत काढा. मग फाइल, इन्फो, "चेक फॉर इश्यूज" आणि तिथून "इन्स्पेक्ट डॉक्युमेंट". ते कॉमेंट्स, ट्रॅक केलेले बदल, लेखकाचं नाव, हिडन टेक्स्ट, सगळं शोधून दाखवतं आणि काढायचं का विचारतं. काढलेलं परत येईलच असं नाही, म्हणून प्रतीवरच करायचं. आणि शक्यतो वर्डची फाइल पाठवूच नका, पीडीएफ पाठवा.

रातांबा (दुपारी ३.५५)

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

रातांबा (दुपारी ३.५६)

वरच्या प्रतिसादात मी एक जोक केला होता. वकीणबाईंचं वाचून झाकला. ठिपके चालू केलेत तरी दिसणार नाही.

पोळो (संध्याकाळी ५.२०)

न दिसणाऱ्या गोष्टींचा विषय निघालाच आहे, तर मराठीतली सगळ्यात छळणारी अदृश्य गोष्ट विसरू नका.

"दुसऱ्या", "वाऱ्यावर" यातला तो आडवा, पापणीसारखा र दोन प्रकारे टंकता येतो. एक, खाली टिंब असलेला ऱ घेऊन त्याचा पाय मोडायचा. दोन, साधा र घ्यायचा, पाय मोडायचा आणि मध्ये शून्य रुंदीचा जोडक घालायचा. हा जोडक म्हणजे युनिकोडमधलं २००डी हे अक्षर, जागा शून्य, दिसतं शून्य. पडद्यावर दोन्ही शब्द जुळे भाऊ. पण कॉम्प्युटरला ते वेगळे शब्द. अबोलीताई, चौदा लेखक म्हणजे चार तरी प्रकारचे की-बोर्ड. एका पद्धतीने शोधलंत तर दुसऱ्या पद्धतीचे शब्द हाती लागत नाहीत, आणि शब्द बदलायचा असेल तर निम्मे तसेच राहतात.

उपाय सोपा. संशयित शब्द लेखातूनच कॉपी करून शोधाच्या रकान्यात चिकटवा, टंकू नका. मग खालच्या रकान्यात आपल्याला हवं ते रूप. माझं मत: सगळीकडे ऱ चं रूप ठेवा, त्याला अदृश्य काही लागत नाही.

अबोली (संध्याकाळी ६.०८)

पोळो, नमस्कार घ्या. "दुसऱ्या" शोधल्यावर अकराच सापडले तेव्हाच मला शंका आली होती, नाट्यमंडळाच्या इतिहासात "दुसऱ्या अंकात" एवढं कमी वेळा कसं? लेखातला शब्द चिकटवून शोधला, आणखी सव्वीस.

टंकलेखिका (रात्री ८.१५)

अबोली, तुझं ते ६१ आणि ५८ चं काय झालं? मला रात्रभर खटकत होतं. फाइलीत शेवटी नामसूची आहे का, कोणतं नाव कुठल्या पानावर अशी?

अबोली (रात्री ८.३३)

आहे. एका निवृत्त प्राध्यापकांनी प्रेमाने केलीय. त्यांनी सगळ्या लेखांत फिरून नटांची, पेटीवाल्यांची, दिग्दर्शकांची नावं खुणावली. ठिपके चालू केल्यापासून प्रत्येक नावाच्या मागे महिरपी कंसात एक्सई असं काहीतरी दिसतं आणि तेच नाव परत.

टंकलेखिका (रात्री ८.५२)

सापडला चोर.

ते एक्सईचे कंस म्हणजे सूचीच्या नोंदी, आणि त्या हिडन टेक्स्ट म्हणूनच बसवलेल्या असतात. ठिपके चालू केलेस की त्यांना पडद्यावर जागा लागते. शेकडो नावं आहेत, ओळी लांबतात, पानं पुढे सरकतात. तशा अवस्थेत अनुक्रमणिका ताजी केलीस की ती फुगलेली पानंच मोजते. छापताना नोंदी नाहीशा होतात आणि लेख तीन पानं मागे येतो.

आता ठिपके बंद कर. ऑप्शन्समधली हिडन टेक्स्टपुढची खूणही काढ, नाहीतर तो भाग उघडाच राहील. मग कंट्रोल + ए, एफ९. अनुक्रमणिका आणि सूची दोन्ही नव्याने मोजल्या जातील.

म्हणजे काणकोणकर, या एका कामापुरतं तुमचं बरोबर. बंद ठेवूनच मोजायचं.

काणकोणकर (रात्री ८.५४)

तारीख आणि वेळ नोंदवून ठेवतोय.

अबोली (रात्री ९.३०)

५८!!! अनुक्रमणिका जुळली. एकूण पानं ९५ वरून ९२.

पण ताई, आणखी एक निघालं. ठिपके चालू असताना मला एका लेखात पूर्ण परिच्छेदच ठिपक्यांच्या अधोरेखेसह दिसला. ती सूचीची नोंद नाही. लेख आमच्या मंडळातल्या सगळ्यात जुन्या नटाचा. काका आता ऐंशीच्या पुढे, एके काळी स्त्रीपार्ट करायचे. लिहिलंय असं की एका वर्षी काल्याच्या रात्री देवळासमोर नाटक होतं, आणि नायकाला दुसऱ्या अंकात एक वाक्य आठवेना. काकांनी नायिकेच्या पदराआडून अख्खा अंक त्याला पुरवला. नायक मिठी मारायचा तेव्हा पुढची चार वाक्यं कानात सांगायची. शेवटी रौप्यपदक नायकाला मिळालं. "मला साडीचं भाडं भरावं लागलं," असं शेवटचं वाक्य.

तो नायक आता हयात नाही. त्याचा मुलगा आमचा सगळ्यात मोठा देणगीदार आहे. आता मी काय करू?

साखळीचा_मास्तर (रात्री ९.३८)

छापा! स्मरणिकेत वाचण्यासारखं तेवढंच असेल.

म्हापशाची_वकीण (रात्री ९.४४)

छापू नका, पुसूही नका. त्यांनी स्वतः झाकलंय, तर त्यांनाच विचारा. तोवर ही वर्ड फाइल कोणाला पाठवू नका, विशेषतः देणगीदाराला "बघून घ्या" म्हणून.

जुळारी (बुधवार, सकाळी ६.१५)

वकीणबाईंशी सहमत. हस्तलिखितात लेखकाने एक ओळ खोडली तर आम्ही ती जुळवायचो नाही. वाचायचो मात्र जरूर.

अबोली (संध्याकाळी ७.५०)

जाऊन आले. काका व्हरांड्यात बसले होते. विचारलं तर खो खो हसले. म्हणाले, मी ते पुसायलाच निघालो होतो, नात म्हणाली आजोबा पुसू नका, झाकून ठेवा, आणि तिने काहीतरी तीन बटणं दाबली. मला वाटलं गेलं. मी विचारलं, छापू? म्हणाले, "छी गो. तो माझा मित्र होता. पदक त्याने मला घरी आणून दिलं होतं, मीच घेतलं नाही. ते मात्र लिहायचं राहिलं."

मग नातीला बोलावून ते एक वाक्य तिथेच घातलं आणि तेही झाकायला लावलं. आता तो परिच्छेद आधीपेक्षा एका ओळीने मोठा झालाय आणि दोन्ही ओळी कोणाला दिसणार नाहीत. त्यांची मूळ फाइल त्यांच्या पेनड्राइव्हवर दिली. छापखान्याच्या प्रतीतून तो परिच्छेद काढला, सूची मोजून झाल्यावर पीडीएफ.

खोबऱ्याची वडी मिळाली, हे धाग्यासाठी महत्त्वाचं नाही.

रातांबा (संध्याकाळी ७.५८)

महत्त्वाचं आहे. किती?

अबोली (रात्री ९.१५)

शेवटचा प्रश्न, मग त्रास देणार नाही. देणगीदारांचं टेबल ९१व्या पानावर अगदी तळाला संपतं आणि त्यानंतर ९२वं पान कोरं येतं. बॅकस्पेस, डिलीट, काही केल्या जात नाही. ठिपके चालू केल्यावर तिथे एकटा उलटा पी दिसतो. तो मरतच नाही.

केपेंकर (रात्री ९.२७)

तो अमर आहे. वर्डची फाइल परिच्छेदखुणेवरच संपते, आणि टेबलानंतर ती खूण काढता येत नाही. मारायचा नाही, बुटका करायचा: तो एकटा पी निवडा, फाँटचा आकार १ करा, परिच्छेदाच्या आधीचं-नंतरचं अंतर शून्य, ओळींतलं अंतर एकेरी. आदल्या पानावर टेबलाखाली मावेल.

अबोली (रात्री ९.४०)

गेलं! ९१ पानं!! सगळ्यांचे मनापासून आभार. उद्या पीडीएफ छापखान्यात.

जुळारी (गुरुवार, सकाळी ६.०५)

अबोलीबाय, मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, मधोमध टाचायची ना? एक कागद मध्ये दुमडला की चार पानं होतात. टाचलेलं पुस्तक चारच्या पटीतच येतं. ९१ होत नाही, ९२ होतं.

ते कोरं पान परत आणा.

अबोली (सकाळी ८.४५)

काका!!!

टंकलेखिका (सकाळी ८.५८)

आण, पण एंटर मारून नको. पी बुटकाच राहू दे, कर्सर त्याच्यावर ठेव आणि कंट्रोल + एंटर. ठिपके चालू ठेवलेस तर "पेज ब्रेक" असं लिहिलेलं दिसेल, म्हणजे पुढच्या संपादकाला कळेल की हे कोरं पान मुद्दाम ठेवलंय.

साखळीचा_मास्तर (सकाळी ९.१०)

त्या पानावर काकांचा परिच्छेद टाकून झाका.

अबोली (सकाळी ११.३०)

मास्तर, तुमच्या हातात पेनड्राइव्ह देणार नाही.

९२. छापखान्यात दिलं.